अर्धी ओळ

गणपतीची आरास काढायला माळ्यावर चढलो आणि खाली उतरलो तेव्हा हातात मखराऐवजी टीव्ही गेम होता. पांढरं झाकण पिवळं पडलेलं, वायरींचा गुंता झालेला आणि सोबत एक कॅसेट. तिच्यावर छापलंय ९९९९९९९ इन १. आत गेम आठच, बाकीचे तेच तेच नाव बदलून आलेले. निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम काढला, त्याची ही नक्कल. बाबांनी ती बेळगावच्या खडेबाजारातून आणली होती, गणितात साठच्या वर मार्क पडले तर, या अटीवर. साठ पडले नाहीत, गेम आला. जास्त खोलात नको.

कॅसेटीत फुंकर मारली. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात हे आता कळलंय, पण फुंकर न मारता कॅसेट लावणं म्हणजे पाया न पडता परीक्षेला जाणं. पिवळी वायर त्रेचाळीस इंची टीव्हीला जोडली. मारिओ आला. पण काय ते ध्यान! अंगावर धुकं, कडेने रंगांचे ओघळ आणि तोंड आडवं ताणलेलं. हिने स्वयंपाकघरातून मान काढून विचारलं, "याला गालगुंड झालंय का हो?"

शिवाय हे यंत्र एका आडव्या ओळीत हलत्या आकृत्यांचे आठच ठोकळे दाखवू शकतं. गर्दी झाली की गेम त्यांना आळीपाळीने दाखवतो. जुन्या टीव्हीवर ते नुसते लुकलुकायचे. नवा टीव्ही मात्र लागोपाठच्या दोन चित्रांची मोट बांधतो, त्यामुळे शत्रू चाळणीतून पाहिल्यासारखे दिसतात. या बांधाबांधीत वेळही जातो. मी बटण आत्ता दाबायचो आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी मारायचा.

मी उद्यमबागेत सीएनसी प्रोग्रॅमर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरी यंत्रांना कामं लिहून देणारा. मायक्रॉनच्या हिशोबावर पगार खातो. म्हटलं, चित्र मोठं आणि स्वच्छ करणारा डबा आपणच बनवू, त्यात काय एवढं. हे 'त्यात काय एवढं' त्या गणपतीत म्हटलं, आणि डबा चालू झाला पुढच्या गणपतीत.

कल्पना खरंच सोपी आहे. गेम चित्राची एक ओळ चौसष्ट मायक्रोसेकंदांत पाठवतो. ती धरायची, साठवायची आणि बत्तीस-बत्तीस मायक्रोसेकंदांत दोनदा वाढायची. पंगतीत तीच बुंदी दोनदा फिरवायची, पण पंगत ठरल्या वेळीच उठली पाहिजे. त्यासाठी गेमचा सिग्नल आकड्यांत फोडणारी एक डीकोडर चिप मागवली, आणि टँग नॅनो ९के नावाचा एफपीजीए बोर्ड. एफपीजीए म्हणजे कोरी पाटी, आत कुठलं सर्किट हवं ते आपण लिहायचं. बोर्डावर ताल धरणारा २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि ५७६पी, म्हणजे मला टीव्हीला द्यायच्या ५७६ ओळींच्या चित्राला नेमके २७ मेगाहर्ट्झच लागतात. हा योग पाहून मी कपिलेश्वराला नारळ बोललो. कुरिअरवाल्याने खोकं हलवून विचारलं, "इदेन्रि?" म्हणजे, हे काय हो? म्हटलं, "टीव्ही गेम री." माझ्या वयाकडे एकदा पाहून त्याने मुकाट्याने सही घेतली.

जोडणी झाली. टीव्ही म्हणे, सिग्नल नाही.

तीन आठवडे तेच. रात्री जेवणं झाली की मी टेबलावर वाकायचो आणि खोलीभर सोल्डरचा धूर. शेजारच्या काकू खिडकीतून, "काय करूलास रे हे? उदबत्ती काय?" वायरी बदलल्या, डाग पुन्हा दिले, एकदा तर नारळ फोडायचाच राहिलाय म्हणून कपिलेश्वराला जाऊन आलो.

शेवटी सापडलं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं. ते दोन पाळ्यांत येतं, प्रत्येक पाळीत साडेतीनशेबारा नव्हे, तीनशे साडेबारा ओळी. (तेव्हा मी वहीतही हेच चुकून लिहिलं होतं, एक दिवस त्यात गेला.) त्या अर्ध्या ओळीमुळे दुसरी पाळी पहिलीच्या फटीत बसते. गेम ती अर्धी ओळ पाठवतच नाही. पुऱ्या ३१२ पाठवतो आणि मोकळा होतो, त्यामुळे त्याची प्रत्येक पाळी पहिलीच. आणि मी लिहून ठेवलेलं, दुसरी पाळी आल्याशिवाय चित्र सोडायचं नाही. म्हणजे माझा डबा मांडवात हार घेऊन उभा, आणि नवरी मुळात निघालेलीच नाही.

आमच्या भागात रेघ कुठे ओढायची यावरून १९५६ पासून भांडण चालू आहे. अर्ध्या ओळीसाठी मी तीन आठवडे घातले, हे त्यातल्या त्यात लवकरच मिटलं म्हणायचं. पाळी ओळखायची अटच काढून टाकली आणि चित्र आलं. मिशीचे चौकोन मोजता येतील इतकं स्वच्छ! थोडे ओघळ उरले, पण ते वायरीतूनच येतात, त्याला मी काय करू?

सगळ्यांना बोलावलं. आई बराच वेळ बघत राहिली. "पहिलं बरं होतं की. आता नुसत्या फरश्या बसवल्यासारखं दिसतंय."

गंमत म्हणजे आईचं बरोबर होतं. जुन्या टीव्हीत दोन ओळींमध्ये काळी फट राहायची आणि डोळा त्या फटीत उरलेलं चित्र स्वतःच भरायचा. मग मी पुन्हा बसलो आणि दर दुसरी ओळ अंधुक करायचं सर्किट लिहिलं. वर्षभर चित्र निवळलं, दोन संध्याकाळी ते गढूळ केलं. आई म्हणाली, "हां, आता आला."

बदकं मारायच्या गेमची बंदूक तेवढी मेली ती मेलीच. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड शोधते. नव्या पडद्यावर तो उशिरा येतो. भाचा अर्धा तास गोळ्या घालत होता. बदकं म्हातारी होऊन मेली असती.

डब्याची पेटी कारखान्यातल्या मित्राने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून दिली. मापात एक मायक्रॉन इकडे तिकडे नाही. फक्त ड्रॉइंग मी खालच्या बाजूने काढलं होतं, म्हणून वायरीचं भोक समोर आलंय.

गेल्या रविवारी शेजारच्या काकू व्हीसीआर घेऊन आल्या, मागून काका. "आमची लग्नाची कॅसेट लागतंय काय बघ की यात." लागली. पण कॅसेटीवर चित्र रीतसर दोन पाळ्यांत असतं, ती अर्धी ओळ धरून. आणि पाळी ओळखायची अट तर मीच काढून टाकलेली. अख्खा मांडव वरखाली लटपटायला लागला. भटजी, मामा, अंतरपाट आणि अंतरपाटामागे मुंडावळ्या बांधलेले काका.

मी ओशाळून बंद करायला गेलो, तर काकूंनी हात धरला.

"असू दे रे. त्या दिवशीबी हे असेच थरथरत होते."