नवे काम आणि जुना परवाना: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो. नळजोडणीचा व्यवसाय करणाऱ्याने गॅसवर चालणारे गीझर बसवण्याचे काम हाती घेण्यापूर्वी त्यासाठी वेगळा परवाना लागतो का, हे तपासावे, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की व्यवसायाची नोंदणी झालेली आहे, कर वेळेवर भरला जातो, विमाही काढलेला आहे, गरज पडलीच तर परवानाधारक कारागीर बाहेरून बोलावता येतो. मग लहान व्यावसायिकाला उगाच घाबरवायचे कशाला?

नोंदणी आणि कर क्रमांक यांवरून सरकारला एवढेच कळते, की हा व्यवसाय कोणाचा आहे आणि त्याचा हिशेब कोण देणार. गॅसची वाहिनी जोडण्याचे कौशल्य त्यात कोणीही तपासलेले नसते. ज्या कामातील चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, तिथे परवाना त्या कामापुरता आणि पुष्कळदा ते करणाऱ्या माणसापुरता दिला जातो. ब्रिटनमध्ये २००९ पासून गॅसची कामे करणाऱ्या कारागिरांसाठी ‘गॅस सेफ’ नोंदणी आहे. तिच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला तो कारागीर गॅसची नेमकी कोणती कामे करण्यास पात्र आहे, हे नमूद केलेले असते. शेगडी जोडण्याची पात्रता असलेल्याला गीझरला हात लावता येईलच, असे नाही. याला निव्वळ कागदी सोपस्कार म्हणणे मला पटत नाही. गॅस अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि धूर बाहेर नेणारी नळी सदोष असेल, तर तो बंद न्हाणीघरात साचत जातो.

बाहेरून कारागीर बोलावण्याचा आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. बहुतेकांची गाडी अडते तीही इथेच. ग्राहकाशी करार कोणी केला, बिल कोणाच्या नावाचे आहे आणि जाहिरातीत काय छापले आहे, यांवरून काम कोणी स्वीकारले ते ठरू शकते. पाना कोणाच्या हातात होता, एवढ्यावर ते भागत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परवाना आवश्यक असलेले बांधकामाचे काम विनापरवाना घेणाऱ्या कंत्राटदाराला मोबदल्यासाठी दावा लावता येत नाही, उलट ग्राहक दिलेले पैसे परत मागू शकतो. सगळीकडे इतकी कडक तरतूद नाही, पण दरपत्रक देण्याआधीच आपल्याकडील नियम पाहावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

विम्याचा विषय आपण एका ओळीत निकालात काढला आहे. विम्याच्या अर्जात व्यवसायाचे स्वरूप विचारलेले असते. तिथे ‘नळजोडणी’ एवढेच लिहिले असेल आणि नुकसान गॅसच्या कामातून झाले, तर हप्ते नियमित भरलेले असूनही दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून नव्या कामाचे वर्णन परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि विमा कंपनीला, दोघांनाही लेखी कळवावे व उत्तरही लेखीच घ्यावे. काउंटरवरच्या ‘चालेल हो’ला पुढे कोणी विचारत नाही.

गीझर नुसते विकायचे असतील, बसवायचे नसतील, तर सहसा एवढ्या खोलात जावे लागत नाही. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. बसवायचे असतील आणि पात्रता एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर असेल, तर तो नोकरी सोडून गेल्यावर घेतलेल्या कामांचे काय करणार, हे आगाऊ रक्कम स्वीकारण्याआधी ठरवून ठेवावे.