मागच्या भोयाला सुट्टी द्या

कार्यक्रमाची पत्रिका इंग्रजीत छापायचं ठरलंच असेल, तर आधी प्रूफ कुणाकडून तरी नीट तपासून घ्या. तांबड्या शाईनं घातलेले कॉमा एकेक करून बघा, 'व्वा, काय बारकाईनं बघितलंय' म्हणा, आणि छपाईला देताना सगळे उडवा. कारण डिझाइनमध्ये बसत नाहीत. परवा हातात आलेली पत्रिका अशीच तयार झाली आहे. तपासताना त्यात नऊ कॉमा होते, छापून आले पाच, त्यातले दोन भलत्याच जागी. ज्यांना हे कसब शिकायचंय त्यांच्यासाठी हे थोडं मार्गदर्शन.

कॉमा कुठे द्यायचा ते श्वासावर ठरवा. कशेडी घाट चढताना वाचलंत तर प्रत्येक शब्दाला एक येईल. बोगद्यातून गेलात तर एकही नाही.

एका नामाला लागून तेच दुसऱ्या शब्दांत सांगणारं नाम येतं, इंग्रजीवाले त्याला ॲपोझिटिव्ह म्हणतात. ते ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. 'थिबा, द लास्ट किंग ऑफ बर्मा, डाइड इन रत्नागिरी इन १९१६.' मधला तुकडा म्हणजे थिबाच. त्याच्याआधी 'हू वॉज' घालून वाचलं तरी वाक्य चालतं. आता 'थिबा, एक्झाइल्ड इन १८८५,' घ्या. इथेही 'हू वॉज' चालतं, पण हा ॲपोझिटिव्ह नव्हे. 'किंग' हे नाम आहे, 'एक्झाइल्ड' हे क्रियापदाचं रूप. तुकड्यातला मुख्य शब्द कोणता, एवढंच बघायचं असतं. पण बघायला कोणाला वेळ आहे?

सरपंच, डॉक्टर, प्रिन्सिपल अशा पदापुढे लगेच नाव आलं, की मध्ये कॉमा जरूर ठोका. तिथे तो लागत नाही, म्हणूनच.

आता मुख्य कलाकुसर. वाक्याच्या मधोमध आलेल्या अशा तुकड्याला दोन कॉमा लागतात, एक शिरताना, एक निघताना. तुम्ही पहिला द्या आणि दुसरा विसरा. 'हापूस, द किंग ऑफ मँगोज इज नाऊ अवेलेबल हिअर.' हे वाक्य मार्च ते मे हायवेच्या दोन्ही अंगांना फ्लेक्सवर फडफडत असतं, तुम्हालाही तोंडपाठ असेल. दुसरा कॉमा नाही, त्यामुळे हापूस एका बाजूला पडला आणि 'इज अवेलेबल' कुणाबद्दल आहे ते कळेना. शिमग्यात पालखी निघाली, पुढचे भोई नाचतायत आणि मागचे चहाला गेलेत, तर पालखीचं काय होईल? ते तुम्हाला कळतं. पुढचा-मागचा खांदा बरोबर पडला नाही तर गावभर बोंब होते. इथे मात्र 'एका कॉमान काय होता रे?' मागचा भोई नको असेल तर पुढचाही काढा की! निदान वाक्य सपाट तरी पडेल, असं एका कुशीवर लोंबकळणार नाही. बरं, दुसरा कॉमा लागत नाही अशी जागा आहे, आणि ती अगदी सरळ आहे: तुकडा वाक्याच्या शेवटी आला की त्याची जागा पूर्णविराम घेतो. 'वी व्हिजिटेड मालगुंड, द बर्थप्लेस ऑफ केशवसुत.' झालं. नेमका तिथेच मंडळी पूर्णविरामही देत नाहीत, तीन टिंबं देतात. कशासाठी? पुढे काय येणार आहे? केशवसुत १८६६ साली जन्मले, त्यात आता काही बदल व्हायचा नाहीये.

मग येतो कॉमा द्यायचा की नाही, हा प्रश्न. तुकडा काढून टाकल्यावर कोणाबद्दल बोलतोय ते कळत असेल तर तो जादा माहितीचा, त्याला कॉमा. कळत नसेल तर तो गरजेचा, त्याला कॉमा नाही. 'द बर्मीज किंग थिबा लिव्ह्ड इन रत्नागिरी' यात थिबा काढला तर ब्रह्मदेशाचा कुठला राजा, हा प्रश्न उरतो. म्हणून कॉमा नाही. तुम्ही थिबाच्या दोन्ही बाजूंना कॉमा लावा आणि ब्रह्मदेशाला एकच राजा होऊन गेला असं जाहीर करा. चार भाऊ असलेल्यानं 'माय ब्रदर, संजय,' लिहिलं की उरलेले तिघं हिश्शातून गेले. उलट 'माय वाइफ सुनीता' बिनकॉम्याचं असलं, तर काटेकोर वाचणारा विचारेल, बाकीच्या कुठे असतात? जवळच्या नात्यापुढच्या अशा एकट्या नावाला बरेच संपादक सूट देतात, मीही देतो. पण सूट म्हणजे सरसकट कर्जमाफी नव्हे.

आणि त्या पत्रिकेतलं हे वाक्य: 'द सरपंच, अ डॉक्टर, अँड द तलाठी विल बी ऑन द डायस.' व्यासपीठावर माणसं किती? डॉक्टर म्हणजे सरपंचच असतील तर दोन, वेगळे असतील तर तीन. कॉमा दोन्ही अर्थांना सारखेच, म्हणून इथे कॉम्यानं काम होत नाही. प्रूफात 'द सरपंच, हू इज अ डॉक्टर, अँड द तलाठी' असं करून दिलं होतं. ते 'हू इज' जागा खातंय म्हणून काढलं. त्याच पत्रिकेत अध्यक्षांबद्दल 'अवर चेअरमन, अ रिटायर्ड हेडमास्टर, अ पोएट अँड अ फार्मर, विल वेलकम द गेस्ट्स' असं आहे. एक माणूस की चार? तुकड्याच्या पोटातच कॉमा असला की बाहेर कॉमा घालू नये, डॅश घालावा, आणि 'अ' एकदाच घ्यावा: 'अवर चेअरमन — अ रिटायर्ड हेडमास्टर, पोएट अँड फार्मर — विल वेलकम'. दोन आडव्या रेघा. त्यांनासुद्धा जागा नव्हती! त्याच पानावर एकोणीस शुभेच्छुकांच्या फोटोंना मात्र होती.

आता मार्गदर्शन पुरे. अहो, गाव मराठी, पाहुणे मराठी, भाषणं मराठी, मग पत्रिका इंग्रजीत कोणासाठी? मराठीत छापली असती तर 'डॉक्टर असलेल्या सरपंच' एवढ्यात भागलं असतं. इंग्रजीच हवी असेल तर ती नीट छापा. येत नसेल तर येणाऱ्याचं ऐका. ऐकायचं नसेल तर प्रूफ पाठवू नका, दुसऱ्याची संध्याकाळ फुकट घालवू नका. शाळेतली पोरं ही पत्रिका वाचतात, आणि उद्या पेपरात हेच लिहून मार्क घालवतात.

आणि व्यासपीठावर डॉक्टरांसाठी मांडलेली ती तिसरी खुर्ची उचला. सरपंचबाई केव्हाच येऊन बसल्यायत.