रेजेक्स शिकू नका म्हणे!

पायथन शिकणाऱ्यांमध्ये एक मेसेज परत फिरायला लागलाय. रेजेक्सच्या (म्हणजे मजकुरात ठराविक साचा, पॅटर्न, शोधायची खूणभाषा) नादी लागू नका, ते वाचता येत नाही, स्लो असतं, देवनागरीत तर चालतच नाही, आणि आता एआय देतोच की लिहून. चार वाक्यं, चारही अर्धवट.

वाचता येत नाही हे पटकन उरकतो. एका ओळीत सगळं कोंबलं तर कुठलाच कोड वाचता येणार नाही. पायथनमध्ये व्हर्बोज फ्लॅग लावला की पॅटर्न चार ओळींत मोडून लिहिता येतो, शेजारी कॉमेंट टाकता येते, ग्रुपला नाव देता येतं, आणि ते नाव चक्क देवनागरीत ‘पिनकोड’ असंही चालतं. हे न करता बोंब मारायची असेल तर मारा बापडे.

स्लो असतं यात मात्र दम आहे, पण मेसेजवाल्याने कारण सांगितलंच नाही. (क+)+$ हा पॅटर्न घ्या (एक किंवा जास्त क चा गट, तो एक किंवा जास्त वेळा, आणि मग मजकुराचा शेवट) आणि तीस क लिहून शेवटी एक ख लावा. मॅच होणार नाही हे आपल्याला दिसतं, पण पायथनचं इंजिन त्या क चे गट पाडायच्या सगळ्या तऱ्हा करून बघतं आणि एकेक क वाढला की काम जवळपास दुप्पट होतं, म्हणजे तिसाव्या क पर्यंत गोष्ट १०० कोटींच्या घरात जाते. जुलै २०१६ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली ती याच्याच साध्या भावंडामुळे: ओळीच्या शेवटच्या स्पेस काढणारा पॅटर्न, आणि समोर आल्या सलग २०,००० स्पेस पण ओळीच्या शेवटी नाहीत, मग प्रत्येक स्पेसपासून नव्याने मोजणी, जवळपास २० कोटी तपासण्या. पण हा दोष बॅकट्रॅकिंग करणाऱ्या, म्हणजे जमलं नाही की मागे येऊन दुसरी तऱ्हा बघणाऱ्या, इंजिनचा. गूगलचं आरई२ इंजिन किंवा गो भाषेतलं रेजेक्स असं अडकत नाही, कारण केन थॉम्पसनने १९६८ मध्येच सगळ्या तऱ्हा एकाच वेळी पुढे नेणारी दुसरी पद्धत मांडून ठेवलीय. पायथनमध्येच राहायचं असेल तर ३.११ पासून ॲटॉमिक ग्रुप आहेत, एकदा पकडलेलं परत न सोडणारे गट. आणि (क+)+ च्या जागी क+ लिहिलं असतं तर निदान तीस क ला प्रश्नच नव्हता ना!

आता देवनागरी. पायथनच्या नेहमीच्या री मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (\w+, म्हणजे शब्दात येणाऱ्या चिन्हांची सलग रांग) लावून ‘पुणे’ शोधा, हातात येतं ‘प’ आणि ‘ण’. उकार आणि मात्रा गायब. कारण ते मॉड्यूल फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर मोजतं आणि युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) मात्रा हे ‘मार्क’ आहेत, अक्षर नाही. लोक इथेच हात वर करतात. पण पर्ल भाषेत, प्रोग्रामची फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे एवढं सांगितलं की, हाच पॅटर्न पूर्ण ‘पुणे’ पकडतो, कारण युनिकोडच्या शिफारशीत मार्क धरलेले आहेत. पायथनमध्येही रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज टाकलं की काम होतं. आकड्यांचं तर उलटंच, पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश डी (म्हणजे कुठलाही आकडा) ला ‘४११०३०’ सुद्धा चालतं, जावास्क्रिप्टमध्ये तोच पॅटर्न नाही म्हणतो. म्हणजे भांडण भाषेच्या अंमलबजावणीशी, रेजेक्सशी नाही.

राहिला एआय. लिहून देतो, खरंय, मीही वापरतो. पण मराठी शब्दांसाठी [अ-ह], म्हणजे अ पासून ह पर्यंतचं कुठलंही अक्षर, असा पॅटर्न मिळाला आणि तुम्हाला काही कळत नसेल तर तुम्ही तो तसाच चिकटवणार, आणि त्यात मात्रा नाहीत, अनुस्वार नाही, हलन्त नाही, एवढंच काय ‘ॲप’ मधला ॲ पण नाही, कारण तो युनिकोडमध्ये पार पुढे ०९७२ वर बसलाय. ऱ्हा चं अजून वेगळं, काही कीबोर्ड ‘कऱ्हाड’ मध्ये नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ टाकतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जॉइनर. डोळ्याला दोन्ही सारखेच, पॅटर्नला वेगळे. गावांच्या यादीवर चालवाल तर अर्धे कऱ्हाडकर यादीबाहेर, आणि एरर एकही येणार नाही.

हां, नेस्टेड, म्हणजे एकात एक टॅग असलेल्या, एचटीएमएल साठी रेजेक्स वापरू नका असं कुणी म्हणालं असतं तर मी गप्प बसलो असतो, तिथे रचना समजून वाचणारा प्रोग्राम, पार्सरच लागतो. पण ते त्या मेसेजमध्ये नव्हतंच.