मतभेद नोंदवताना घ्यायची काळजी

तुम्ही नुकतेच हायकोर्टाचे जज झालात, खंडपीठावर ज्येष्ठांच्या शेजारची खुर्ची मिळाली. अभिनंदन! आता मतभेदाची उबळ आली, तर आधी कायद्याचं पुस्तक उघडू नका. आजचं बोर्ड, म्हणजे दिवसभरातल्या प्रकरणांची यादी, उघडा. एवढी मॅटर्स संपवायची असताना वेगळं मत लिहिणार कधी, जेवणाच्या सुट्टीत?

ज्येष्ठ न्यायमूर्ती भर कोर्टात स्टेनोला निकाल सांगत असतात आणि तिसऱ्याच परिच्छेदाला तुम्हाला वाटतं, हे चुकतंय. अशा वेळी समोरची फाईल चाळावी, पेनानं काहीतरी अधोरेखित करावं. वकिलांच्या बाकावरून ते चिंतन दिसतं. अगदीच राहवलं नाही तर कानाशी झुकून म्हणावं, ‘ब्रदर, तेवढा मुद्दा ओपन ठेवायचा का?’ ज्येष्ठ मान डोलावतात, मुद्दा ओपन राहतो, पक्षकार हरतो आणि चहा वेळेवर येतो.

सुप्रीम कोर्टात पाचांमधला एक फुटला तरी निकाल लागतोच. तुमच्याकडे माणसंच दोन. एकास एक झालं की मुख्य न्यायमूर्ती तिसरा जज नेमणार, त्याच्यापुढे सगळे युक्तिवाद पहिल्यापासून. (सीनियर वकिलांची तक्रार नसते. त्यांचं मीटर चालू असतं.)

मुंबईचंच बघा. सरकारच्या कामाबद्दल ऑनलाइन आलेला मजकूर खोटा आहे की नाही, हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं, असा नियम 2023 मध्ये आला. स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामरा आणि इतर कोर्टात गेले. 31 जानेवारी 2024 ला न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. मार्चमध्ये केंद्रानं युनिटची अधिसूचना काढली, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं तिला स्थगिती दिली. 20 सप्टेंबरला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेलांच्या बाजूनं कौल दिला. पटेल तोवर निवृत्त झालेले. मग औपचारिक आदेशासाठी नवं खंडपीठ बसलं आणि त्यात न्या. गोखले होत्याच. आपण वैध ठरवलेला नियम बहुमतानं रद्द झाल्याच्या आदेशावर आपलीच सही! एवढा उपद्व्याप कुणी सांगितलाय?

शिवाय वयाचं गणित आहे. हायकोर्टात निवृत्ती 62 व्या वर्षी, सुप्रीम कोर्टात 65 व्या. मधली तीन वर्षं ‘जमवून घेणारे’ अशी ख्याती असलेल्यांना लवकर दिसतात म्हणे. आणीबाणीत नऊ हायकोर्टांना, त्यात आपलं नागपूर खंडपीठही आलं, हे सुचलं नाही. स्थानबद्धांना दाद मागता येते, असं सांगून मोकळी झाली. एप्रिल 1976 मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक अशा मतांनी ते सगळं पुसून टाकलं. तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ असलेले न्या. बेग सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला.

तरीही बोट शिवशिवत असेल तर एक सुरक्षित प्रकार आहे. ‘निष्कर्षाशी सहमत, कारणांशी नाही’ असं लिहा आणि पुढे हवी तेवढी पानं भरा. निकाल ज्येष्ठांचाच राहतो, तिसरा जज लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तुमच्या नावाची वेगळी चौकट येते. कात्रण चेंबरमध्ये नको, घरी ठेवा.