कंसातला शब्द

आज सकाळी शेजारचे काका गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक घेऊन आले. "नातवाचं इथंच नक्की करतोय. युनिव्हर्सिटीच आहे म्हणे." वर संस्थेचं नाव ठसठशीत, खाली कंसात मुंगीएवढ्या अक्षरांत 'अभिमत विद्यापीठ'. डोकंच सटकलं माझं.

तीन वर्षांपूर्वी असंच पत्रक ताईच्या ओट्यावर होतं. भाचीची इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन. ताईने चष्मा लावून पानन्‌पान वाचलं, तेवढा कंस सोडून. कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीत, मिळालेलं कॉलेज सोडून इथं पैसे भरले. ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या फी-सवलतीचा, फॉर्म भरायला बसली तेव्हा कळलं, अभिमतला ती सवलतच नाही. तिने त्याच भरवशावर चार वर्षांचा हिशेब मांडला होता, कॅलेंडरच्या पाठीमागे, पेन्सिलीने.

बारावीपर्यंत कुणी शिकवतं का हो हे? केंद्रीय विद्यापीठ संसदेच्या कायद्याने होतं, राज्याचं विधिमंडळाच्या. खासगी विद्यापीठालाही विधिमंडळाचाच कायदा लागतो, फक्त चालवणारी संस्था खासगी. अभिमतसाठी वेगळा कायदा होत नाही, १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार दर्जा देतं. आणि 'स्वायत्त' कॉलेज म्हणजे विद्यापीठ नव्हे! अभ्यासक्रम, परीक्षा त्यांची, पदवी मात्र विद्यापीठाचीच. अर्ध्या तासात सांगून होतं सगळं. पण सांगितलं तर पत्रकं खपणार कशी?

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर यूजीसीने अभिमत संस्थांना नावातून 'युनिव्हर्सिटी' काढायला लावलं. तरी ताईला फोनवर तो प्रवेशवाला पोरगा दर वाक्याला 'आपली युनिव्हर्सिटी' म्हणत होता.

हो, बंगळुरूची विज्ञान संस्था आयआयएससी १९५८ पासून अभिमतच आहे, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, टिसही आहे. मान्य. अभिमत म्हणजे वाईट असं मी म्हणतच नाही. पण घरातलं सोनं मोडायच्या आधी आईला त्या शब्दाचा अर्थ कळायला नको?

भाची छान शिकतेय. ताई कधी बोलून दाखवत नाही, ते कॅलेंडर मात्र तिने अजून रद्दीत दिलेलं नाही.

काकांना बसवून घेतलं, चहा ठेवला, कंसावर बोट ठेवून सगळं समजावलं. फी ठरवतं कोण, सवलत कुठली मिळेल, हे लेखी विचारा म्हटलं. ते जाताना म्हणाले, "बरं झालं तुला माहीत होतं."

मला तेव्हाही माहीत होतं. ताईने विचारलं नाही, आणि मी ते पत्रक उलटून पाहिलं नाही.