हुरड्याचं मार्च एंडिंग

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. हुरड्याला दर पाऊण तासानं शू येते. मी टॉवेलच्या कारखान्यात अकौंट्स बघतो, जमा-खर्चाचा मेळ घालण्यावरच माझं पोट आहे; पण जमा आठवड्यातून दीड वेळा आणि खर्च रात्रंदिवस, असा हिशोब याआधी माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

हुरडा म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू. जानेवारीत मेव्हण्याच्या शेतावर, मंगळवेढ्याला, हुरडा खायला गेलो होतो. आगटीतून निघालेली कणसं चोळली जातायत, पानावर शेंगाचटणी आणि गूळ पडतोय, अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. मेव्हण्याला हे पक्कं ठाऊक. "दाजी, न्या की एक. जिथं टाकाल तिथं पडून राहतंय, काय ताप नाही." येताना ते गाडीत हुरड्याच्या पिशवीवर झोपलं, म्हणून नाव हुरडा. जिथं टाकाल तिथं पडून राहतं हे खरं निघालं. जिथं पडलेलं असतं तिथंच सगळं उरकतं, एवढा तपशील मेव्हण्यानं गाळला होता.

घरात माणसं तीन. आईचे गुडघे धरलेले. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सकाळी सातला जाते, दुपारी तीनला येते. पहिल्याच दिवशी ती दारात चप्पल काढून आत आली आणि पाय पडला तो नेमका थारोळ्यात. तो पाय वर धरून, भिंतीला टेकून ती म्हणाली, "अहो, दिवसभर मी हेच बघून येते. तिथं निदान डबीत असतं, आणि वर पेशंटचं नाव लिहिलेलं असतं."

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र हुरड्याची बाजू घेतली. एवढ्या वयात धरून ठेवण्याचे स्नायूच ताब्यात आलेले नसतात, म्हणाले. ढोबळ हिशोब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास, आणि तेही झोपलेलं किंवा निवांत असेल तर. खाल्लं, पाणी प्यालं, झोपेतून उठलं, खेळून दमलं, की लगेच उचलायचं आणि ठरल्या जागी न्यायचं. तिथं केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. खाऊ घरात परतल्यावर दिला, तर तो घरात परतल्याबद्दल मिळाला असं ते समजतं. ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की मालकादेखत करू नये, आणि मग पलंगाखाली जाऊन करतं. शिवाय लसींचा कोर्स पूर्ण व्हायच्या आत रस्त्यावर सोडायचं नाही, पार्वो नावाच्या रोगानं पिल्लं हां हां म्हणता जातात.

"आणि घरातली माणसं कामावर जात असतील तर?" मी विचारलं.

"थोडे दिवस रजा काढा की."

मार्चच्या तोंडावर अकौंट्सच्या माणसानं रजा मागायची म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात पुजाऱ्यानं सुट्टी टाकण्यासारखं आहे. मी डॉक्टरांची फी दिली आणि निघालो.

तोडगा काढला तात्यांनी. तात्या आमचे घरमालक. सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे त्यांचं दुमजली घर आहे, खाली ते आणि अक्का, वर आम्ही. तात्या गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण त्यांच्या डोक्यातली पाळी अजून सुटलेली नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ताच लिहून दिला. पहिली पाळी आई, दुसरी पाळी सूनबाई, रातपाळी अकौंटंटसाहेब. "अहो, भोंगा झाला की अख्खं सोलापूर उठून चालायला लागायचं. एवढंसं जनावर ते काय!" तक्ता झकास होता. अडचण एवढीच, की यात भोंगा हुरड्याकडे होता.

रातपाळीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण घरात माझं कुणी ऐकून घेत नाही. 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीचं एक रिटर्न, 20 ला दुसरं, मग गोडाऊनमधल्या स्टॉकची मोजणी, आणि पार्टीकडून न आलेल्या बिलांसाठी फोनवर गोडीगुलाबी. घरी यायला दहा वाजायचे. जेवून पाठ टेकावी तो कुई कुई सुरू. पिल्लू छातीशी धरून अंधारात गच्चीचा जिना चढायचा. गच्चीवर हुरडा प्रत्येक कोपरा हुंगायचा, डिशची वायर चावायचा, माझ्या लुंगीचं टोक धरून ओढायचा, एखाद्या लांबच्या भुंकण्याला कान टवकारायचा. जे करायला आणलं ते सोडून सगळं करायचा. शेवटी थंडीनं कुडकुडून मी त्याला खाली आणायचो, आणि उंबरा ओलांडताच तो पाय फाकवून, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून, मोकळा व्हायचा.

रात्री दोनला गच्चीवर माणूस मोबाइल बघणार नाही तर काय करणार? त्यात मला एक संशोधन सापडलं. जर्मन आणि चेक शास्त्रज्ञांनी 37 जातींचे 70 कुत्रे घेऊन दोन वर्षं फक्त एवढंच नोंदवलं, की मोकळा होताना कुत्रा कोणत्या दिशेला तोंड करून बसतो. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असलं, तर मोकळे सोडलेले कुत्रे उत्तर-दक्षिण रेषेत बसणं पसंत करतात. पुढच्या वर्षी त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. मी तिथल्या तिथं मोबाइलवर होकायंत्र उघडलं आणि हुरड्याला दोन्ही हातांनी उचलून काटेकोर उत्तरेला लावून ठेवला. तो वळला, अक्कलकोटकडे तोंड करून बसला, आणि झोपी गेला.

सकाळी हे आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, मानही वर केली नाही. "याला दोन वर्षं घालवली? आपल्या शास्त्रात आहेच की. दिवसा उत्तरेला तोंड करावं, रात्री दक्षिणेला."

खालून तात्या ओरडले, "आणि घराबाहेर बसावं, ते त्याच्या आधी आहे."

हुरड्याची खरी आवड मात्र चादर. सोलापुरात चादर ही काय दुर्मीळ वस्तू नव्हे. लग्नात येते, बारशात येते, सत्कारात येते, पाव्हणे निघाले की त्यांच्या हातात जाते. आमच्याकडे पलंगावर, पलंगाखाली आणि कपाटावर चादरीच आहेत. कारखान्यातून मी सेकंडचे टॉवेल आणून घरभर अंथरले होते. आमच्याकडे टॉवेल पाणी किती नि किती लवकर ओढतो यावर माल पास होतो, त्यामुळे माझा आमच्या मालावर विश्वास. हुरड्यानं एकही टॉवेल पास केला नाही. तो टॉवेलांच्या मधून वाट काढत जायचा आणि जाड, चौकड्याची, जॅकार्डची चादर शोधून तीवर बसायचा.

ज्यानं ओली सोलापुरी चादर पिळली नाही त्याला पाण्याचं वजन कळलेलं नाही. एक टोक आईकडे, एक माझ्याकडे. मी उजवीकडे पीळ द्यायचा, तिनं डावीकडे. मधून पाणी धो धो सुटतं, खाली पाटी लावलेली असते, कारण ते पाणी सोडून चालणार नाही, त्यात पायपुसणी भिजणार असतात. मार्चमध्ये आमच्या घरी पाणी चार हात फिरायचं. तांदळाचं कुंडीला, कपड्यांचं शेवटचं खळबळ फरशीला, चादरीचं पायपुसण्याला, आणि पायपुसण्याचं संडासात. बॅरलवर मी खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या, ओपनिंग स्टॉक, क्लोजिंग स्टॉक. नळाच्या आदल्या दिवशी क्लोजिंग स्टॉक बघितला की कारखान्यातल्या उधारीचं काही वाटेनासं व्हायचं.

त्यात फिनेलनं घात केला. फिनेलनं पुसलं की आपल्याला वाटतं, गेला वास. पण माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठेक लाख, आणि कुत्र्याच्या नाकात तीस कोटींपर्यंत. त्याला फिनेलच्या खालून आपली जागा वाचता येते, आणि जुनी जागा सापडली की तो तिथंच पुन्हा बसतो. वर ते पंजाला लागून चाटण्यात जातं, म्हणून डॉक्टरांनी ते बंदच करायला लावलं. वास मुळातून मोडणारं एन्झाइमचं औषध आणायला सांगितलं. टिपून घ्या, शिंपडा, जरा वेळ विसरा. बादलीभर पाणी लागत नाही म्हटल्यावर आईनं ती बाटली गोडेतेलाच्या शेजारी, म्हणजे तिच्या दृष्टीनं मानाच्या जागी, नेऊन ठेवली.

आणि मग अक्काच्या पानांचं झालं.

अक्का घरी विड्या वळतात. कारखान्यातून पानं, तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं पानं कापायची, चिमूटभर तंबाखू, वळून दोरा. बोटं एवढी पटपट चालतात की बघणाऱ्याला आपलं जेवणसुद्धा आळशी वाटावं. वळायच्या आधी पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, म्हणजे ती मऊ पडतात. एका दुपारी आई पहिल्या पाळीची ड्यूटी करत हुरड्याला घेऊन खाली गप्पा मारायला बसली. गोणपाट ओलं, मऊ, रानाचा वास असलेलं. हुरड्यानं ते हुंगलं, भोवती गोल फिरला, आणि—

"ओ आई, तुमचं कुत्रं काय करलालंय बघा की!"

पानं मोजून-मापून मिळतात, कमी पडली तर अक्काच्या मजुरीत जातं. मी पैसे पुढे केले, तर अक्कांनी हात मागे घेतला. "कुत्र्याच्या मुताचे पैसे घेऊ काय बे मी?" शेवटी फर्स्ट क्वालिटीचे चार टॉवेल देऊन ते प्रकरण मिटलं. तंबाखू पोटात गेली तर पिल्लाच्या जिवावर बेतते, त्यामुळे खालच्या मजल्यावर हुरड्याला बंदीच झाली.

पण बायकोच्या डोक्यात तिथंच काहीतरी चमकलं. तपासणी हाच तिचा धंदा. "अहो, चादर, पायपुसणं, गोणपाट. त्याला फरशी कळतच नाही. तो ज्यावर वाढला ते शोधतोय." डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, बरोबर आहे, पहिल्या काही आठवड्यांत पायाखाली जे असतं त्याचीच सवय लागते. कडब्यात जन्मलेल्या पिल्लापुढे आम्ही व्हिट्रिफाइड टाइल्स अंथरल्या होत्या.

मेव्हण्यानं एसटीनं मातीचं पोतं पाठवलं. सांगतानाही त्याचा आवाज दिलदारच होता. मंगळवेढ्याची ही काळी माती पावसाळ्यात पोटात ओल धरते आणि त्याच ओलीवर रब्बीची अख्खी ज्वारी काढून देते. पाणी मुरवण्याच्या बाबतीत तिच्यापुढे आमच्या कारखान्याचा कुठलाही टॉवेल उभा राहणार नाही. घमेल्यात माती घातली, वर मूठभर कडबा पसरला, घमेलं गच्चीवर ठेवलं. हुरडा उठल्याबरोबर नेला. त्यानं वास घेतला, गोल फिरला, बसला. मी एवढ्या जोरात शाबास म्हणालो की पलीकडच्या गच्चीवरचा माणूस दचकून बघायला लागला.

सुख थोडेच दिवस टिकलं. एप्रिल लागला. सोलापूरची गच्ची एप्रिलच्या दुपारी अनवाणी माणसाला झेपत नाही, तिथं पंजे कुठून झेपणार. मग घमेलं रोज थोडं थोडं खाली सरकवत आणलं. गच्चीचं दार, जिन्याची वरची पायरी, मधला टप्पा, आमचा उंबरा, स्वयंपाकघराचा कोपरा, आणि शेवटी मोरी. या काळात घरात येणाऱ्या प्रत्येकाला घमेलं वेगळ्या ठिकाणी दिसायचं आणि कुणी विचारायचं नाही. मार्च एंडिंगनंतर अकौंटंटच्या घरात असं चालतं, असा समज असावा. मोरीत आल्यावर रोज मूठ मूठ माती काढत गेलो. शेवटी नुसतं घमेलं उरलं, मग तेही काढलं. हुरडा आता मोरीत जातो. वर तांब्याभर पाणी ओतलं की झालं. नळाच्या आदल्या दिवशीही बॅरलमध्ये पहिल्या रेघेइतकं पाणी दिसतं, आणि मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला नेऊन दाखवतो.

एक नवीन प्रश्न उभा राहिलाय. सकाळी बायकोला सातला पोचायचं असतं, मला गाडी धरायची असते, आईला देवपूजेच्या आधी अंघोळ लागते, आणि मोरी एकच. दाराबाहेर टॉवेल खांद्यावर घेऊन आम्ही उभे असतो. आत कुणीही असलं तरी हुरडा दार खरवडायला लागला की आतला माणूस साबणासकट बाहेर येतो, आणि याबाबतीत आमच्या घरात एकदाही वाद झालेला नाही.