घर आईचं आहे, तर व्यवहारही आईचाच हवा

आईवडिलांचं जुनं घर विकायची वेळ आता आमच्या वयाच्या जवळपास प्रत्येक घरात येतेय. मुलं पुण्याला, बंगलोरला, कुणी बाहेरदेशी, वडील गेलेले आणि आई तिसऱ्या मजल्यावर एकटी, लिफ्ट नाही. मग कुठल्यातरी रविवारी मुलं जमतात, हॉलमध्ये बसून भाव काय चाललाय, कोण गिऱ्हाईक आहे, पैसे कसे वाटायचे यावर बोलतात आणि आई आत चहा टाकत असते. मला आज त्या आत उभ्या असलेल्या आईबद्दलच बोलायचंय.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला. ऐंशीच्या दशकातली ग्राउंड प्लस थ्री बिल्डिंग, वन बीएचके. बाबांनी ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज काढलं आणि कमी पडले तिथे आईच्या पाटल्या मोडल्या, पण कागदावर नाव एकट्या बाबांचं. तेव्हा सगळीकडे तसंच असायचं. बाबा गेल्यावर नॉमिनी म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं झालं, आता घर आईचं. वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही म्हणजे आई, दादा आणि मी असे तिघं सारख्या हिश्श्याचे वारस. घेणाऱ्याची बँक तिघांच्या सह्या मागणार किंवा आधी रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करा म्हणणार.

आता हक्कसोडपत्र म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. बहीण सोडते, आई सोडते, सगळं मुलाच्या नावावर येतं आणि "एकाच्या नावावर असलं की व्यवहार सोपा जातो" हे कारण दिलं जातं. अहो सोपाच करायचाय ना, मग एकाच्या म्हणजे आईच्या नावावर करा! मी दादाला हेच म्हटलं आणि दादाचं मला खरंच कौतुक आहे की तो एका शब्दाने आडवा गेला नाही. आम्ही दोघांनी आमचे हिस्से आईला सोडून दिले. त्या दिवसापासून दलालाचा फोन, वकिलाचा फोन, सगळे आईला यायला लागले आणि आईचा आवाज बदलला, मी थट्टेने नाही बोलत, खरंच बदलला.

मग प्रत्येकाने सांगितलेलं एक वाक्य, "थांबा हो, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, दुप्पट मिळतील." डोंबिवलीत निम्म्या जुन्या बिल्डिंगा याच वाक्यावर थांबल्यात. आमच्या सोसायटीचं अजून कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे जमीन कागदोपत्री सोसायटीच्या नावावरच नाही, त्यावर बिल्डर येणार, सगळ्यांची सहमती होणार, मग पाडणार, मग बांधणार. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला गुडघे धरून तीन जिने चढत त्याची वाट बघायला सांगणं मला पटत नाही. आईने स्वतः दादाला विचारलं, "ते दुप्पट पैसे मी कधी खर्च करू?" तो विषय तिथेच संपला.

दलालाने सुरुवातीलाच थोडी रक्कम कॅशमध्ये घ्या, तुमचा टॅक्स वाचेल असं सुचवलं. आई ठामपणे नाही म्हणाली आणि कायदाही तिच्याच बाजूने आहे. घरविक्रीत 20,000 किंवा त्यावर रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, आणि म्हाताऱ्या बाईने ती कॅश ठेवायची कुठे? टॅक्सचं म्हणाल तर आधी सीएकडे जा. घर 1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलेलं असेल तर त्या दिवशीची किंमत व्हॅल्युअरकडून काढून तीच खरेदीची किंमत म्हणून धरता येते. आणि 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईच्या हिशोबाने खरेदीची किंमत वाढवून न धरता) 12.5 टक्के किंवा इंडेक्सेशन धरून 20 टक्के, यातलं जे कमी बसेल ते लागू होतं. आमच्या केसमध्ये दुसऱ्या हिशोबाने फारच कमी टॅक्स निघाला, म्हणजे ज्याची भीती घालून कॅश घ्यायला सांगत होते ते भूत नव्हतंच. अजून एक, दुसरं घर घेऊन टॅक्स वाचवायचा असेल तर ते घरही विकणाऱ्याच्याच नावावर घेणं सरळ. आईचं घर विकून नवीन मुलाच्या नावावर घ्यायचं असा प्लॅन असेल तर आधी सीएला विचारा, आणि त्याच्याही आधी आईला.

गिऱ्हाइकं बरीच येऊन गेली. बरेचसे लोक सोफ्यावर बसलेल्या आईकडे न बघता दादाशी बोलायचे, भिंत ठोकून बघायचे, ही पाडू ती पाडू असं तिच्यासमोरच ठरवायचे. ज्यांना शेवटी घर दिलं त्या जोडप्याने आईला विचारलं, पाणी किती वाजता येतं आणि पावसाळ्यात कुठली भिंत ओल धरते. आईने दोन्ही खरं सांगितलं. त्यांची ऑफर सगळ्यात मोठी नव्हती पण लोन सँक्शन झालेलं होतं, म्हणजे अडकायचं भय कमी, आणि शिवाय त्यांनी फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला, कारण महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे. आईला ते इतकं आवडलं की ती शेजारच्या काकूंना जाऊन सांगून आली.

सोसायटीचं ऐकून ठेवा. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायला सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त 25,000 आहे, त्याच्यावर डोनेशन, बिल्डिंग फंड वगैरे नावाने मागतात ते द्यायचं बंधन नाही. आमच्याकडेही मागितलं. आईने लेखी मागा म्हटल्यावर ते लेखी काही आलं नाही.

आता भावनेचं. "भावनेत अडकू नका, प्रॅक्टिकल व्हा" हा सल्ला मला आता सहन होत नाही. भावनेची सोय व्यवहारातच करता येते. आईला अजून एकदा गौरी-गणपती त्याच घरात करायचे होते. आम्ही पझेशनची तारीख त्यानंतरची धरली आणि ती ॲग्रीमेंटमध्ये घातली, घेणाऱ्यांनी आनंदाने मान्य केली. (पझेशन पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच, हेही त्यातच लिहून घ्या.) गौरी जेवायला होत्या त्या दिवशी अख्खी बिल्डिंग येऊन गेली, आईने कितीतरी वर्षांनी पुरणपोळ्या स्वतः लाटल्या, रडलीही खूप आणि मी तिला गप्प केलं नाही.

सामानाचं पण तसंच. आम्ही भावंडं एका शनिवार-रविवारात आवरून टाकू म्हणत होतो, आईने तिच्या वेगाने घेतलं. माळ्यावरची नाव घातलेली भांडी, कुणाच्या बारशाची, कुणाच्या मुंजीची, एकेक काढून ती कुणाकडे जाणार ते तिने ठरवलं. पाटा-वरवंटा कुणालाच नको होता, तो तिने खालच्या मजल्यावरच्या सुनेला दिला, ती खरंच वापरते. बाबांची पासबुकं आणि ऑफिसच्या डायऱ्या मात्र ती एकटी बसून वाचत राहिली. त्या दिवसांत आम्ही तिला फोन करून "झालं का" असं विचारणं बंद केलं.

रजिस्ट्रेशनला जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे मशीन पटकन घेत नाही, वेळ हातात ठेवा, गर्दी असते. आणि ॲग्रीमेंट इंग्रजीत असेल तर आईला "इथे सही कर" म्हणू नका. आम्ही वकिलांना आदल्या दिवशी घरी बोलावलं, त्यांनी कलम न् कलम मराठीत समजावून सांगितलं, आईने दोन ठिकाणी बदल सुचवले आणि एक बदल तर वकिलांनाही पटला.

पैसे आईच्या एकटीच्या खात्यात आले. त्यातले 30 लाख, म्हणजे जेवढी मर्यादा आहे तेवढे, तिने पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले, दर तीन महिन्यांनी व्याज येतं, बाकीची एफडी. ती आता माझ्याकडे ठाण्याला असते आणि पहिलं व्याज आल्यावर तिने किराण्याचे पैसे माझ्या हातात ठेवले. मी घेतले. नको म्हणाले असते तर तिला ते आवडलं नसतं.

ज्यांच्या घरी हे चालू होणार आहे त्यांनी आधी शेअर सर्टिफिकेट काढून बघा नाव कुणाचं आहे, नॉमिनी कोण आहे, आणि आईवडील दोघं असतील तर मृत्युपत्राचं आत्ताच बोला. कागदपत्रांचं काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, मला माहीत असेल ते सांगेन, नसेल तर आईला विचारून सांगेन, आता तिलाच जास्त माहीत आहे.